टेकाडाचा खांदा

आमच्या मामाला सगळं जग लेव्हलमामा म्हणतं. जग म्हणजे आमची गल्ली, त्याचं ऑफिस आणि ज्या ज्या हॉटेलात त्याने टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सरकवली आहे ती सगळी हॉटेलं. डुगडुगणारं टेबल त्याला सहन होत नाही. चहा येईपर्यंत हा टेबलाखाली, आणि वेटर विचारतो, "काका, काही पडलं का?" आमच्या घरात एकही फोटो तिरका लागलेला नाही. मामाच्या खिशात कायम एक छोटी पाणसळ असते, गवंड्यांकडे असते तशी. तिच्या काचेतला बुडबुडा बरोबर मधोमध आला की मामाचा चेहरा खुलतो. आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, म्हणते, "ह्याच्या पोटातसुद्धा पाणसळ आहे. म्हणून तर हा जन्मात कुणाकडे कलला नाही."

हे ती त्याच्या लग्नाबद्दल बोलते. मामाने लग्न केलं नाही, आणि त्याचं कारण त्याचा दुसरा गुण. तो म्हणजे "बघू".

मी शाळेत असताना सायकल मागितली, मामा म्हणाला, "बघू." आईने गच्चीवर पत्रे घालायचा विषय काढला, "बघू." त्याच्यासाठी एक चांगलं स्थळ आलं होतं, दोघांना एकमेकं आवडलीही होती. तिकडून विचारणा झाली तेव्हा आमचे महाराज म्हणाले, "बघू." त्या बाई बरंच थांबल्या आणि शेवटी एका दातांच्या डॉक्टरशी लग्न करून मोकळ्या झाल्या. अजूनही त्या रस्त्यात समोरून आल्या की मामा बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो, पायात चप्पल असली तरी.

मामा वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला तसं वाटायची शक्यता आहे. त्याला फक्त तोंडावर नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, आणि पडलेला चेहरा मामाला बघवत नाही. मग तो "बघू" म्हणून सटकतो. चेहरा पडायचा तो पडतोच, पण तेव्हा मामा तिथे नसतो. आमच्या घरात लहान पोराला पण ठाऊक आहे की मामाचं "बघू" म्हणजे नाही. त्याच्या ऑफिसातही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते बापूंना.

मामा नोकरीला होता ते खातं बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींची जमीन ठीकठाक करायचं. कंपनी कोळसा काढते, संपला की निघून जाते. मागे उरतो एक भलामोठा खड्डा आणि त्यातून उपसलेल्या मातीदगडांचा डोंगर. डोंगरावर काही उगवत नाही, पाऊस पडला की त्याच्यावरून काळपट, आंबूस पाणी खाली येतं आणि आसपासची जमीन नासवतं. ही जागा मालकाला परत द्यायची तर डोंगर मोडून खड्ड्यात भरायचा, मातीत चुना मिसळायचा, वर चांगल्या मातीचा थर द्यायचा, उतार नीट काढायचे आणि गवत पेरायचं. यातलं उतारांचं खातं मामाकडे. कुठे किती कापायचं, कुठे किती भरायचं आणि पाणी कुठल्या बाजूला जाईल, हे तो ठरवायचा आणि बुलडोझरवाल्याच्या मागे उभा राहून करून घ्यायचा. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्यालाही ते चांगलं माहीत होतं.

बापूंची जमीन हे त्याचं निवृत्तीआधीचं शेवटचं काम. त्याच वर्षी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी चालवायला बंदी आली. माझी नोकरी नुकतीच गेली होती, त्यामुळे माझ्याकडे वेळच वेळ आणि मामाकडे जुनी गाडी. आईने दोन्ही प्रश्न एकाच फटक्यात सोडवले. त्या कामावर मी मामाला रोज नेत-आणत असे, म्हणून हे सगळं मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे.

बापू म्हणजे जागेचे मालक. उमेदीच्या वयात त्यांनी जमीन खाणीला दिली आणि मग त्याच खाणीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून नोकरी धरली. स्वतःच्याच जमिनीत शिरायला लोकांना परवानगी द्यायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं, आणि हे ते स्वतःच हसून सांगायचे. त्यांचं घर खड्ड्याच्या काठापासून जवळ, दोन खोल्या आणि एक लांबट स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर दिसायचं ते खाणीतून उपसलेल्या मातीचं काळं टेकाड. घरात ते आणि त्यांची बायको, जिला सगळे माई म्हणायचे. माईंची नजर हळूहळू जात गेली होती. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांना उजेड-अंधारापलीकडे काहीच कळत नव्हतं. पण चहाचे कप त्यांनीच भरले आणि बशीत थेंब सांडला नाही.

मामाला आधी हे जाणून घ्यायचं होतं की खाण सुरू व्हायच्या आधी जमीन होती कशी. तिचा नकाशा कुणाकडेच धड नव्हता. बापूंनी हातवारे करून पाहिले, जमेना. मग ते उठले, आतल्या खोलीतल्या पलंगावरची जाड गोधडी बाजूला केली, गादीवर उश्या, गुंडाळलेली चादर, स्वेटर असं काय काय ठेवलं आणि वरून गोधडी पसरली. "हं, ही आपली जमीन," ते म्हणाले. "इथून पाणी यायचं, असं वळायचं, या कोपऱ्यातून ओढ्याला."

माईंनी पलंगाशी येऊन गोधडीवरून हात फिरवला.

"अहो, हा उंचवटा एवढा पुढे नव्हता," त्या म्हणाल्या. "उशी मागे घ्या. आणि हे काय टोचतंय?"

"तो माझा चष्मा."

"जमिनीत चष्मा नव्हता आपल्या. काढा."

मामा इतका हसला की गुडघा धरून खाली बसला. परतताना गाडीत म्हणाला, "एवढ्या वर्षांत इतकी चांगली माहिती मला कुठल्याच मालकाने दिली नाही." त्याला ती दोघं आवडली होती. म्हणूनच पुढचं सगळं जास्त वाईट झालं.

काही दिवसांनी बापू आम्हाला टेकाडावर घेऊन गेले. टेकाड अख्खं उघडंबोडकं होतं, फक्त घराकडच्या अंगाला ते जरा पसरट होऊन खाली उतरलं होतं. त्याला बापू टेकाडाचा खांदा म्हणायचे. त्या खांद्यावर तुतीच्या झाडांची एक रांग होती. चांगली डेरेदार झाडं, खाली जांभळे डाग पडलेले. मामा थबकलाच. त्या मातीत तुती?

"हिने लावलीत," बापू म्हणाले. "नजर थोडी होती तेव्हा. सगळे हसायचे. ही आपली चुलीतली राख आणि भांडी धुतलेलं पाणी रोज वर आणून घालायची. किती रोपं जळली. जगली ती ही."

माई मागून एकट्याच चढून येत होत्या, काठी नाही, कुणाचा हात नाही. पाऊलवाट त्यांच्या पायांनीच पडलेली होती. वर येऊन त्यांनी पहिल्या झाडाच्या खोडावर तळवा टेकवला.

"मला इथे कुणी लागत नाही," त्या म्हणाल्या. "चढ लागला की झाडांकडे चालले, उतार लागला की घराकडे. पायालाच कळतं. घरात सारखं विचारावं लागतं, हे कुठाय, ते कुठाय. इथे नाही विचारावं लागत. दिवसातून एकदा तरी वर येते मी, भाऊ. पाऊस असला तरी."

त्या मामाला भाऊ म्हणायला लागल्या होत्या.

मग बापूंनी विषय काढला. सरळ माणसं जसा काढतात तसा, आडवळण न घेता. "साहेब, बाकी सगळं टेकाड न्या. खड्ड्यात घाला, काय हवं ते करा. मी सगळ्याला हो म्हणतो. पण एवढा खांदा तेवढा राहू द्या. हिच्यासाठी."

मामाने झाडांकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बघू."

मी मागे उभी होते. मला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता. बापूंचा चेहरा मात्र उजळला. ते माईंकडे वळून म्हणाले, "ऐकलंस ना? बघतो म्हणाले."

बघू आणि बघतो. एवढासा फरक. पण "बघतो" म्हटलं की माणूस काम अंगावर घेतो. बापूंनी मामाच्या तोंडचा शब्द उचलला, त्याला त्यांना हवं तसं वळण दिलं आणि बायकोच्या हातात ठेवला. मामाने तिथल्या तिथे चूक सुधारायला हवी होती. तो खोकला. दुसऱ्या दिवशी बापूंनी खात्याला जमिनीवर काम सुरू करायची संमती दिली.

काम जोरात चाललं. डोझर दिवसभर घरघरत असायचा, चुन्याच्या गोण्या येत होत्या, खड्डा वर येत होता. मामा लंगडत लंगडत सगळीकडे. माई रोज दुपारी आमच्यासाठी चहा करायच्या. बापू अधूनमधून विचारायचे, "त्या खांद्याचं वरती बोललात ना?" मामा म्हणायचा, "चाललंय." कसलं चाललंय? काहीही चाललेलं नव्हतं. वरती म्हणजे खात्याच्या मोठ्या बाई, आणि मामा त्यांच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. मी गाडीत त्याला टोकलं की म्हणायचा, "अगं, त्यांना सांगून उपयोग नाही. आणि आराखडा बघ ना तू. तो खांदा राहिला तर पूर्वेकडे फुगवटा राहतो. सगळी रेघ बिघडते."

खरं दुखणं तिथे होतं. शेवटचं काम, आणि मामाला ते असं करायचं होतं की पाहणाऱ्याने तोंडात बोटं घालावीत. घराच्या उंबऱ्यापासून थेट ओढ्यापर्यंत एकसंध, जेमतेम जाणवेल असा उतार, कुठे खाच नाही, कुठे उंचवटा नाही. त्या खांद्याची माती भरावाला लागतच होती असंही नाही. ती काढली की चित्र पूर्ण होत होतं, इतकंच.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी बापू माईंना घेऊन शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. घराला कुलूप होतं. टेकाडाचं बाकीचं काम संपलं होतं आणि डोझर दुसऱ्या कामावर जायचा होता. डोझरवाल्याने यंत्र बंद केलं, खाली उतरला आणि विचारलं, "साहेब, हा कोपरा ठेवायचा की काढायचा? परत यायला मला लवकर जमणार नाही."

मामाने घराकडे पाहिलं. कुलूप पाहिलं. त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं ते त्याने मला नंतर सांगितलं, आणि ते सांगताना त्याला माझ्याकडे बघता येत नव्हतं. त्याच्या मनात आलं, बरं झालं, घरी नाहीत.

मी गाडीतून उतरून त्याच्याजवळ गेले. "मामा, तू त्यांना बघतो म्हणाला होतास."

"मी बघू म्हणालो होतो," मामा म्हणाला.

असं म्हणताना त्याला स्वतःचीच लाज वाटली असणार, कारण कान लाल झाले. पण डोझरवाला थांबला होता. मामाने हाताने खूण केली, काढ.

तुतीची मुळं फार खोल गेलेली नव्हती. त्या मातीत जाणार तरी कुठे. एकेक झाड आडवं होत गेलं आणि मग पात्याने सगळं एकत्र ढकलत नेलं. संध्याकाळच्या आत तिथे काही होतं असं सांगूनही खरं वाटलं नसतं. मामा त्या जागी वाकून पाणसळीने उतार तपासत होता. बुडबुडा हवा तिथे होता. मामाचा चेहरा खुलला नाही.

भाड्याची गाडी आली. बापू उतरले, माईंना उतरवलं आणि जागच्या जागी उभे राहिले.

"थांबलात का?" माईंनी विचारलं.

"काही नाही. चप्पल अडकली."

मामा लंगडत पुढे गेला. काय सांगायचं ते त्याने ठरवलेलं नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगते. तो म्हणाला, "बापू, वरून..." आणि तिथेच अडला.

पुढचं बापूंनीच पुरं केलं. "नाही म्हणाले ना? मला वाटलंच होतं." त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे साहेब. तुम्ही तरी एकटे किती भांडणार."

मामाने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाच ठाऊक. बापूंनी माईंना आत नेलं. आम्ही गाडीत बसलो आणि घर येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्दही बोलले नाही. बोलले असते तर फार बोलले असते.

गवत आलं. चांगलं आलं, हे कबूल करायला हवं. जमीन परत द्यायच्या दिवशी मोठ्या बाई स्वतः आल्या. त्यांनी वाकून मातीची मूठ घेतली, चहूकडे पाहिलं आणि मामाची तोंडभरून स्तुती केली. मामा आजारी माणसासारखा उभा होता. जाता जाता त्या म्हणाल्या, "इथे कडेला तुतीची झाडं होती ना? मागे आले होते तेव्हा पाहिली होती मी. मालकांना नको होती का?"

मामा म्हणाला, "हवी होती."

"अहो, मग सांगायचं ना! ठेवला असता तेवढा कोपरा. त्याने आपलं काय अडत होतं?"

त्या सहज बोलल्या आणि गाडीकडे निघाल्या. आणि तेवढ्यात मला माई दिसल्या.

गवताच्या मधोमध त्या एकट्या उभ्या होत्या. चालत नव्हत्या. एक पाऊल पुढे टाकून पायाने जमीन चाचपत होत्या, मग ते मागे घेऊन दुसरीकडे. हात थोडे पुढे धरलेले. हाक मारत नव्हत्या. घर त्यांच्या पाठीशी होतं, हाकेच्या अंतरावर, आणि त्यांना ते कुठे आहे ते कळत नव्हतं. मामाने काढलेला उतार इतका बेताचा होता की पायाला सांगण्यासारखं त्याच्यात काही उरलं नव्हतं.

मामा गुडघा विसरून त्यांच्याकडे गेला. मी मागोमाग.

"कोण आहे?"

"मी, माई."

"भाऊ होय. बरं झालं आलात." त्या हसल्या आणि हात पुढे केला. "घर कुठल्या बाजूला राहिलं हो?"

मामाने त्यांचा हात धरला आणि त्यांना दारापर्यंत आणलं. उंबऱ्यावर पाय लागल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "काम मात्र फार छान केलंत. कुठे ठेच म्हणून लागत नाही."

गाडीत बसल्यावर मामा रडला. गुडघ्याच्या ऑपरेशनला न रडलेला माणूस, रुमाल तोंडावर धरून रडला. "तिच्या पायाखालची जमीन काढली गं मी," म्हणाला. "ठेच लागली असती तरी कळलं असतं तिला, आपण कुठे आहोत ते."

मामा निवृत्त झाला. निरोपाच्या समारंभात लोकांनी त्याच्या शेवटच्या कामाचे फोटो लावले होते, तर हा पोटात दुखतंय सांगून मधूनच उठून आला. जेवण कमी झालं. आईने विचारून विचारून त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. मामाने मोठ्या बाईंना भेटून चार गाड्या माती परत टाकता येईल का विचारून पाहिलं होतं. त्यांना वाईट वाटलं, पण जमीन ताब्यात देऊन झाली होती, आणि माती टाकून झाडं थोडीच येणार होती. बापूंनी दारापासून गवतात एक दोरी बांधून पाहिली होती. माई म्हणाल्या, "दोरीला धरून फिरायला मी काय शेळी आहे?" आणि त्या घरातच बसायला लागल्या. हे मामाला डोझरवाल्याकडून कळलं होतं. त्यांच्या दारात जायचा धीर मामाला झाला नव्हता.

आई म्हणाली, "माती राहू दे. त्या माणसाला वाटतंय तू भांडलास. आधी ते जाऊन सांग."

मामाने तोंड उघडलं.

"बघू म्हणालास तर समोरचं ताट उचलून नेईन," आई म्हणाली.

रविवारी मी त्याला घेऊन गेले. बापू पायरीवर बसून एका जुन्या छत्रीच्या काड्या तारेने बांधत होते. माई आत झोपल्या होत्या. मामा बापूंच्या शेजारी बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला कुठलीही वळणं न घेता बोलताना ऐकलं.

"बापू, मी वर कधी विचारलंच नाही. खांद्याबद्दल. कुणीच नाही म्हणालं नव्हतं. मीच काढला."

बापूंचा हात तारेवर थांबला. "विचारलं असतं तर?"

"हो म्हणाल्या असत्या."

"मग का काढलात?"

"चांगलं दिसावं म्हणून."

बापूंनी तार खाली ठेवली आणि गवताकडे पाहिलं. मला वाटलं, ओरडतील, हाकलून देतील. मामालाही तेच वाटत असावं. माझी खात्री आहे, त्याला तेच हवं होतं. त्यांनी मारलं असतं तर त्याने गाल पुढे केला असता आणि घरी येऊन पोटभर जेवला असता.

"तिला सांगू नका," बापू म्हणाले.

"मला माईंची माफी..."

"नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही सांगायचं." त्यांचा आवाज चढला नाही. "ती रोज बोलते. म्हणते, परका माणूस, नोकरीचं शेवटचं वर्ष, आणि आपल्यासाठी वरच्या साहेबांशी भांडला. झाडं गेली ते ती सोसतेय कशाच्या जिवावर? कुणीतरी तिच्यासाठी भांडलं, याच्या. तेही सपाट करू नका."

बापूंनी छत्री मिटून बाजूला ठेवली.

"दर रविवारी येत जा," बापू उठता उठता म्हणाले. "तिला हात धरून फिरवा. माझ्याबरोबर येत नाही, माझे पाय दुखतात म्हणून. तुमच्याबरोबर येईल." ते आत गेले. चहाचं विचारलं नाही. त्यानंतर आजपर्यंत बापू मामाशी बोललेले नाहीत. आम्ही पोचलो की ते मागच्या खोलीत जातात आणि दार लोटून घेतात.

मामा दर रविवारी जातो. ताप असला तरी जातो. आईने त्याला कधी अडवलं नाही, मीही नाही. माई तयार होऊन, केस विंचरून बसलेल्या असतात. त्या त्याचा कोपर धरतात आणि दोघं गवतातून ओढ्यापर्यंत जाऊन येतात, तो लंगडत, त्या पाय चाचपत. मी थोडी मागे असते. त्या घरातलं काय काय सांगतात, कुणाचं काय झालं, कशाचा वास येतोय, आज वारा कुठून आहे. आणि परतताना, दाराच्या थोडं अलीकडे, न चुकता त्याचा हात दाबून म्हणतात, "आमच्यासाठी फार भांडलात हो, भाऊ."

मामा म्हणतो, "हो, माई."